आवाजाचा डबा

लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला की माणसं माझ्या दुकानाची पायरी चढतात. पंखा गप्प झाला म्हणून तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला एवढ्या वर्षांत एकच भेटलं. त्या गिऱ्हाइकाची गोष्ट मी कुणाला धड सांगितलेली नाही. मी स्वतःची फजिती चहाच्या टपरीवर फुकट वाटत फिरणारा माणूस. अशा माणसानं एखादी गोष्ट दाबून ठेवली, तर समजावं की तिच्यात हसण्यासारखं फार नाही.

दुकान बीडात आहे, डावीकडे पंक्चरवाला आणि उजवीकडे झेरॉक्स. सुरुवातीला मी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो, मग टीव्ही, मग डीव्हीडी. एकेक वस्तू मरत गेली आणि मी तिच्या तेराव्याला जेवून पुढच्या वस्तूकडे वळलो. लॅपटॉप मला कुणी शिकवला नाही. लोकांचे लॅपटॉप बिघडवत बिघडवत मी तो शिकलो, आणि ती फी त्या बिचाऱ्यांनीच भरली.

टाळेबंदीत पुण्याला नोकरीला गेलेली पोरं गावाकडं परत आली आणि बाजेवर, माळवदावर, गोठ्याच्या पडवीत, जिथं रेंज मिळेल तिथं लॅपटॉप उघडून बसली. काही परत गेली, काही राहिली. जी राहिली त्यांना तो वहीएवढा पडदा पुरेना, म्हणून त्यांनी बाहेरचे मॉनिटर आणून जोडले. आधी एक, मग दोन. आणि पंखे ओरडायला लागले.

हे ओरडणं काय असतं ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. लॅपटॉप म्हणजे एका चुलीचं घर. घरच्या माणसांपुरता स्वयंपाक त्या चुलीवर निघतो. दोन मॉनिटर जोडले म्हणजे दारात दोन पंगती येऊन बसल्या. चूल तीच, रांधणारी तीच. प्रत्येक पडद्यावरचं चित्र सेकंदाला निदान साठ वेळा नव्यानं वाढावं लागतं, पडद्यावर काही हललं नाही तरी. हे करणारी चिप नखाएवढी, ती तापणारच. तिचा ताप तांब्याच्या चपट्या नळीतून एका बारीक जाळीपर्यंत येतो आणि पंखा तो बाहेर फुंकून देतो. जाळी धुळीनं बुजली की पंखा दुप्पट जोर लावतो. त्यात वरचं झाकण मिटून लॅपटॉप कोपऱ्यात सरकवला, आणि बाहेरचे पडदे जोडले की लोक हमखास तेच करतात, तर कीबोर्डाच्या फटींतून जी थोडी वाफ जायची तीही कोंडते. पंखा ओरडतो तोवर यंत्र श्वास घेतंय. ओरडता ओरडता ते एकदम काळं पडलं, तर मात्र धावत या.

हे ज्ञान मला पहिल्या दिवसापासून असतं तर मी आज मोठा माणूस असतो. असा पहिला लॅपटॉप आला तो एका शिक्षकांचा. आत धूळ आहे एवढं मला समजलं. शेजारी सलीमभाईंकडे ट्रकच्या टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर. मी म्हटलं, जी हवा ट्रक उचलते तिला धूळ काय जड. नळी जाळीला लावली. पंखा आयुष्यात कधी फिरला नव्हता असा फिरला आणि जत्रेतल्या पिपाणीसारखी शिट्टी घालायला लागला. सलीमभाई खूश होऊन म्हणाले, "आवाज तर लई भारी हाय बे." तेवढ्यात दोन पाती तुटून माझ्या शर्टावर आली, आणि कॉम्प्रेसरच्या पोटात साचलेलं पाणी फुर्रकन मदरबोर्डावर. पंख्याला आधी काडी लावून धरायचं आणि मग फुंकायचं, हे मी दुसऱ्या दिवशी शिकलो. शिक्षकांना सांगितलं की पंखा वयोमानानं गेला. त्यांनी मान डोलावली. आमच्या धंद्यात मेकॅनिकचं तोंड खरं धरतात, कारण झाकणाच्या आत काय आहे ते दुसऱ्या कुणाला दिसतच नाही. त्या दिवशी मला ही गोष्ट फार सोयीची वाटली.

चौसाळ्याचा एक पोरगा मोबाइलवर व्हिडिओ बघून शेअर बाजार शिकला होता. त्यात सगळे शहाणे तीन-तीन पडद्यांपुढं बसलेले दिसतात, म्हणून यानंही तीन जोडले. लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. उन्हाळ्यात माणसाला जे लागतं तेच मशीनला लागणार, या हिशेबानं त्यानं तो वाळ्याच्या कूलरसमोर स्टुलावर ठेवला आणि स्वतः उकाड्यात बसला. कूलरात बोअरचं पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धा चुनाच. मी लॅपटॉप उघडला तर आत चहाच्या पातेल्याच्या बुडासारखी पांढरी खपली. तो म्हणाला, "पर माणसाला तर कूलरपुढं बरं वाटतं की." मी म्हटलं, बाबा, माणसाच्या आत तांब्याच्या तारा नसतात. त्यानं गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला, "माझ्या आज्याच्या पायात सळई हाय." मी मुकाट खपली खरवडायला घेतली.

असली गिऱ्हाइकं सांगत बसलो तर अंक भरेल. पण मला पालीच्या अर्चनाचं सांगायचंय.

अर्चना बीडची. लग्नाआधी पुण्यात एका विमा कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायची. नुसती बेरीज बघायचं काम नव्हे ते. पेशंटला खरंच कोणता आजार होता, दवाखान्यानं कशाचे पैसे लावलेत आणि त्यातलं विम्याच्या अटीत काय बसतं, हे एकाला एक लावून बघायचं. लग्न पालीला ठरलं तेव्हा बैठकीत बोली झाली की नोकरी चालू राहील, पण घरात बसून. पुणं बंद. म्हणजे नोकरी त्या घरातून निभली तर निभली, नाहीतर गेली. मधला रस्ता बैठकीत कुणी ठेवलाच नव्हता.

तिचे सासरे तात्या. बागायती रान, जुनं राजकारण. पद गेलेलं पण बैठक गेलेली नाही. निवडणूक असो नसो, ओसरीवर चार माणसं बसलेली आणि आत चहाचं आधण ठेवलेलं. माणूस वाईट नव्हे, हे मी मुद्दाम लिहितो. सुनेला दोन मोठे मॉनिटर त्यांनीच घेऊन दिले, तेही माझ्याच दुकानातून. एका पडद्यावर बिल, दुसऱ्यावर विम्याच्या अटी, आणि कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर साहेब लोकांची मीटिंग. आल्यागेल्याला तात्या तिच्या खोलीचं दार उघडून दाखवायचे, "आमची सून एका टायमाला तीन टीव्ही चालवती." पाहुणे चपला काढून आत डोकावायचे.

पहिल्यांदा मला बोलावणं आलं ते आवाजासाठी. लॅपटॉप इतका ओरडायचा की मीटिंगमध्ये पुण्याच्या साहेबानं विचारलं, तुमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का. मी गेलो. तिची खोली ओसरीला लागूनच. अर्ध्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला. भाव यायचा होता, तोवर कापूस सुनेच्या ऑफिसात मुक्कामाला. टेबलावर लॅपटॉप, मीटिंग नव्हती म्हणून झाकण मिटून ठेवलेला, आणि त्यावर सासूबाईंनी क्रोशाचा रुमाल घातलेला, धूळ बसू नये म्हणून. आमच्याकडे फ्रिजला टोपडं, मिक्सरला झबलं, टीव्हीला पदर. किमती वस्तू उघडी ठेवणं हे फुवडपणाचं लक्षण. काकूंनी सुनेच्या नोकरीवर आपल्या हातचं पांघरूण घातलं होतं आणि आत नोकरी गुदमरत होती.

मी उघडला. जाळीवर कापसाच्या तुसाचा नमदा बसलेला, निघाला तो अखंड निघाला, टिकलीच्या पाकिटाएवढा. जाळी साफ केली, चिपचा ताप नळीला देणारं सुकलेलं मलम खरवडून नवीन लावलं, दोन्ही मॉनिटरच्या सेटिंग जुळवून घेतल्या, लॅपटॉपखाली शहाबादी फरशीचे दोन तुकडे दिले आणि झाकण उघडं ठेवायला सांगितलं. रुमालाची घडी घालून काकूंच्या हातात दिली. त्यांना ते आवडलं नाही. मग तिन्ही पडदे चालू केले. पंखा फिरत होता पण ऐकू येत नव्हता. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

तात्या आत आले. वाकून लॅपटॉपला कान लावला, गाभण गाईच्या पोटाला लावावा तसा.

"बंद पडलं का काय?"

मी म्हटलं, चालू आहे तात्या, पडदे बघा की.

"मंग आवाज कावून येत न्हाई?"

मी त्यांना चांगल्या यंत्राची लक्षणं सांगितली. उत्तम यंत्र बोलत नाही, मोठी गाडी कशी आवाज न करता जाते, वगैरे वगैरे. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आमची मोटर चालू असली की शिवारभर ऐकू येती. आवाज न्हाई म्हंजी पाणी न्हाई." मी हसलो. अडाण्याचं बोलणं म्हणून हसलो, हे लिहायला पाहिजे. त्या घरात पुढं जे जे झालं ते सगळं त्या एका वाक्यात होतं, आणि तिथं अडाणी मीच होतो.

काही आठवड्यांनी अर्चना बाजाराच्या निमित्तानं बीडला आली आणि दुकानात बसली. म्हणाली, "काका, तो आवाज परत आणता येईल का?"

मी तिला वेड लागलं असं समजून चहा मागवला. चहा येईपर्यंत तिनं सगळं सांगितलं. आवाज होता तोवर घर तिला हात लावत नव्हतं. ओसरीवर घरघर ऐकू आली की सासूबाई आपसूक म्हणायच्या, सूनबाई कामात हाय. गिरणी चालू असताना पट्ट्याजवळच्या बाईला कुणी हाक मारत नाही, तसं. आवाज गेला आणि ती त्यांच्या लेखी रिकामी झाली. मीटिंगच्या मध्यात चहा. अटी वाचत असताना कढीपत्ता. बिल अर्धं तपासलेलं आणि तुरी पाखडायला हाक. दोनदा साहेबानं प्रश्न विचारला तेव्हा ती चुलीपाशी होती. साहेबानं समज दिली होती. आता पुन्हा झालं की पुण्याला येऊन बसा म्हणणार, आणि पुणं तर बंद.

मी विचारलं, घरात सांगितलंस का?

"सांगितलं की. सासूबाई म्हणल्या, तू हलत न्हाईस, बोलत न्हाईस, नुसती बघत बसतीस. बघायला काय लागतं?"

या वाक्यावर मीही थोडा चपापलो, कारण माझी बायको माझ्या धंद्याबद्दल नेमकं हेच म्हणते.

पंखा पूर्ण वेगानं फिरवत ठेवणं अवघड नसतं, आत एक सेटिंग असते. मी ती करून दिली. दुरुस्तीचं उलटं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. लॅपटॉप थंडगार, आणि आवाज मात्र वादळाचा. मीटिंगसाठी मी तिला तोंडाजवळ माइक येणारा हेडफोन दिला, म्हणजे घरघर घरात राहील आणि पुण्याला जाणार नाही. आठवड्यानं तात्या बाजारात भेटले. म्हणाले, "परत सुरू झालं की बे मधू."

मी म्हणालो, "तात्या, तीन पडदे हायत. वढणाऱ्याला धाप लागणारच. आवाज बंद पडला तर मला बोलवा."

त्यांना बरं वाटलं. मेकॅनिक शेवटी त्यांच्या मोटरीच्या बाजूला आला होता. अर्चनाची नोकरी पुन्हा रुळावर आली. कंपनीच्या मीटिंगमध्ये तिच्या कामाचं नाव घेतलं गेलं, आणि तिनं मला फोन करून ते सांगितलं. मी ते टपरीवर अशा थाटात सांगितलं की जणू बिलं मीच तपासत होतो. फक्त पंख्याचं काही बोललो नाही.

मग कंपनीनं सगळ्यांचे लॅपटॉप बदलले. नवीन लॅपटॉप हातात घेऊन ती दुकानात आली तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला. वहीसारखा पातळ. मी चारी बाजूंनी फिरवून बघितला. हवा जायला फट नाही, यायला फट नाही. यात पंखाच नव्हता. चिपच इतकी शहाणी की तापत नाही, तापली तरी सगळं अंग पसरून ताप जिरवते. धुराडं नसलेलं घर बघावं तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझा धंदा जाणार हे आधी माझ्या लक्षात आलं आणि तिची नोकरी जाणार हे नंतर. माणूस असाच असतो, निदान मी तरी.

ती म्हणाली, "आता काय करायचं काका? याला तर ओरडताच येत न्हाई."

इथं मी माझ्या आयुष्यातला एकमेव शोध लावला. पेढ्यांचा पत्र्याचा डबा घेतला. दुकानात मेलेल्या लॅपटॉपांचे पंखे पडलेले असतातच, त्यातले दोन चांगले ओरडणारे निवडले. गिऱ्हाईक शांत पंखा निवडतं, मी आवाजी निवडत होतो, एकेक कानाला लावून. डब्याला भोकं पाडली, काळा रंग दिला, पुढं एक हिरवा दिवा बसवला. चालू केला की असा घुमायचा की सलीमभाई कॉम्प्रेसर बंद करून बघायला आले.

वीज कुठून घ्यायची एवढाच प्रश्न होता. खरं तर ती लॅपटॉपमधूनच घ्यायला हवी होती, म्हणजे लॅपटॉप चालू तर डबा चालू, लॅपटॉप बंद तर डबा गप्प. पण त्या शहाण्या लॅपटॉपला भोकंच दोन. एकात चार्जर, दुसऱ्यात दोन्ही मॉनिटरची जोडणी. त्या जोडणीला पुढं एखादा फाटा काढता आला असता, पण तो तुकडा माझ्याकडे नव्हता आणि संभाजीनगरहून मागवायला वेळ लागला असता. मी म्हटलं, कशाला. मोबाइलचा चार्जर जोडला आणि वायर सरळ भिंतीतल्या बोर्डात खोचली. निघताना तिला बटन दाखवलं आणि उठताना बंद करत जा म्हणून सांगितलं. दांडगा विश्वास होता मला स्वतःवर.

तात्यांना काय सांगितलं, तर हे तिन्ही पडद्यांना जोर पुरवणारं मशीन आहे. ते पाहुण्यांना आता मॉनिटरांआधी डबा दाखवायला लागले. काकूंनी त्यासाठी वेगळा रुमाल विणला. तो मात्र मी घालू दिला, तिथं गुदमरायला काहीच नव्हतं.

श्रावणातला सोमवार. अर्चनानं सुट्टी काढली होती आणि सासूबाईंबरोबर कपिलधारला दर्शनाला गेली. सकाळी निघायच्या घाईआधी तिनं थोडं राहिलेलं काम उरकलं, लॅपटॉप मिटला, आणि बाहेर जीप हॉर्न वाजवत होती म्हणून तशीच पळाली. बटन राहिलं.

दुपारी ओसरीवर बैठक भरली. आतून घरघर येत होती. कुणीतरी सहज विचारलं, सूनबाई कामात हायत वाटतं. तात्या सवयीनं म्हणाले, "हौ, सकाळधरनं बसलीय." त्यांना खरंच तसं वाटलं. ती सकाळी त्यांना सांगून, पाया पडून गेली होती. पण कानाला आवाज येत होता, आणि कानापुढं डोळ्याचं काय चालतं. तेव्हा चौसाळ्याचा एक पाहुणा म्हणाला, "पर तात्या, मी तर त्यास्नी कपिलधारच्या जीपात बघितलं." सगळ्यांचे कान खोलीच्या दाराकडे वळले. आवाज येतच होता. तात्या उठले आणि दार उघडलं. पडदे काळे, लॅपटॉप मिटलेला, आणि रुमालाखाली डबा एकटाच काम करत होता.

त्या दिवशी ओसरीवर किती हसं झालं ते मला दुसऱ्यांकडून कळलं. मी स्वतःवर हसणं ऐकून घेतो, मला त्याची चटक आहे. पण ज्या माणसाकडे बैठकीशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, त्याच्याच ओसरीवर त्याच्यावर हसलं गेलं तर काय होतं, याचा मला अंदाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले. डबा पिशवीत. झाकण त्यांनी घरीच उचकटलं होतं.

"हे काय हाय?"

"पंखे."

"कशाला?"

मी म्हणालो, "आवाजाला."

ते स्टुलावर बसले. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग ती आजवर काम करायची, का नुसता आवाज काढून बसायची?"

मी जीव तोडून सांगितलं. ती आवाज असताना काम करायची, आवाज नसताना काम करायची, काम आणि आवाज यांचा काही संबंध नसतो. चांगल्या यंत्राला आवाज नसतो हे मी आधीच सांगितलं होतं, आठवा.

"आधी म्हणलास, चांगल्या मशीनला आवाज नसतोय. मंग म्हणलास, तीन पडद्याला आवाज येणारच. मंग म्हणलास, हा डबा जोर पुरवतोय. आता म्हणतोस, ह्यात काईच न्हाई." त्यांनी डबा माझ्या काउंटरवर ठेवला. "मधू, तुझ्या तोंडचं आता मी कोणतं खरं धरू?"

मेकॅनिकचं तोंड खरं धरतात, हे मी वर लिहिलंय. त्या दिवशी मला ते एकदाच, फक्त एका वाक्यापुरतं खरं धरलं जायला हवं होतं. ती काम करते, एवढंच वाक्य. ते धरलं गेलं नाही.

घरात भांडण झालं नाही. फक्त खोलीचं दार उघडं राहायला लागलं. सून काय करते ते दिसावं म्हणून. दार उघडं म्हणजे ओसरी आत. मीटिंगमध्ये तिच्या पाठीमागून तांब्या घेऊन माणसं जायची. काकू मधेच येऊन पडद्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि काही हलत नाही म्हणून परत जायच्या. हाका पुन्हा सुरू झाल्या, आता वरून टोमणाही, "डबा वाजवू का?" कंपनीनं अखेर सांगितलं, पुण्याच्या ऑफिसला या नाहीतर राजीनामा द्या. तिच्या नवऱ्यानं घरात तोंड उघडून बघितलं, म्हणतात. पण बैठकीत ठरलेलं पुणं बंद, ते बंदच राहिलं. तिनं राजीनामा दिला आणि लॅपटॉप कुरिअरनं परत केला. पॅक करायला माझ्याकडेच आली होती. खोक्याला चिकटपट्टी लावताना मी म्हणालो, फाटा मागवायला पाहिजे होता. ती म्हणाली, "तुमी तरी काय करणार काका." त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

मॉनिटर तात्यांच्या पैशाचे, ते घरातच राहिले.

या उन्हाळ्यात तात्यांचा निरोप आला. विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती, म्हणून घराला आणि गोठ्याला कॅमेरे लावायचे होते. डब्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला बोलावलं. नाही म्हणायचं होतं, पण गेलो. दोन्ही मॉनिटर ओसरीवर मांडायला सांगितले. एकावर फाटक आणि गोठा, दुसऱ्यावर अंगण, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पाहुणे आधीच येऊन बसले होते. तात्यांनी चहा सांगितला.

मी रेकॉर्डिंगचं मशीन जोडलं. त्यात एक छोटा पंखा असतो, स्वस्तातला, सुरू झाल्या झाल्या घुमायला लागला. तात्या खाली वाकले, कान लावला आणि पाहुण्यांकडे बघून समाधानानं म्हणाले, "चालू हाय."

तेवढ्यात दुसऱ्या पडद्यावर अर्चना दिसली. हातात ट्रे, डोक्यावर पदर, अंगणातून ओसरीकडे येत होती. आधी पडद्यावर आली, मग दारात. सगळ्यांना कप दिले, शेवटचा मला. मशीनकडे बघून हळूच म्हणाली, "काका, याला पंखा हाय वाटतं."

मी म्हणालो, "हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "याला कुणी मधनं हाक मारणार न्हाई."